कायमचा लाइनमन की कंत्राटी टोळी?

पाणी आणि मलनिस्सारणाच्या अंदाजपत्रकात कायमच्या लाइनमनच्या, म्हणजे जलवाहिन्या सांभाळणाऱ्या खात्याच्या माणसाच्या, पगार-पेन्शनचा आकडा आधी डोळ्यांत भरतो. कंत्राटी टोळीचं बिल दुरुस्तीच्या खात्यात जातं, म्हणून ती स्वस्त वाटते. पण तेवढ्यावर हिशेब करू नये.

ऑगस्ट २०१९ मध्ये गोव्यात खांडेपारजवळ ओपा जलशुद्धीकरण प्रकल्पाची मुख्य जलवाहिनी फुटली आणि पणजी कित्येक दिवस कोरडी पडली. अशा वेळी लागतो तो कुठला व्हॉल्व्ह कुठे पुरलाय हे ठाऊक असलेला माणूस. आमच्या वाड्यावरचे लाइनमन काका पहाटे लोखंडी सळीचं एक टोक पाइपावर आणि दुसरं कानाला लावून गळती हुडकायचे. बारीक सूं... ऐकू आलं की तिथेच खणायचं. ते निवृत्त झाले, जागा भरलीच नाही. नंतर आलेल्या टोळीने तीन ठिकाणी रस्ता फोडला, गळती चौथ्या ठिकाणी निघाली. हा खर्च पगाराच्या रकान्यात दिसत नाही, पण भरतो आपणच.

नवी वाहिनी टाकायची असेल तर कंत्राटच बरं. काम संपलं, खर्च संपला.

गटारांचं तसं नाही. मॅनहोलमध्ये माणूस उतरवून धोकादायक सफाई करून घेणं २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे. सक्शन-जेटिंगची (गाळ ओढून घेणारी आणि पाण्याच्या जोराने गटार साफ करणारी) गाडी भाड्याने घ्या हवी तर, पण तिच्यासोबत उभा राहणारा पर्यवेक्षक खात्याचाच हवा. आणि निवृत्तीआधी किमान वर्षभर त्याच्या हाताखाली नवा माणूस द्या. त्या दुहेरी पगाराची तरतूद याच अंदाजपत्रकात करा.