साताऱ्याच्या घाटासाठी साधे ट्रेनर बूट पुरतात का? नागपूरच्या सरावानंतरचा अनुभव

सातारा हिल हाफ मॅरेथॉनची नोंदणी झाली की आमच्या सकाळच्या गटात बुटांचा विषय निघतोच. कार्बन प्लेटवाले, म्हणजे सोलच्या आत कार्बनची कडक पट्टी असलेले महागडे बूट घ्यावेत का? माझं मत, नको. आठ हजारांच्या आतले साधे डेली ट्रेनर, म्हणजे रोजच्या सरावाचे बूट, पुरतात. फक्त निवडताना चढापेक्षा उताराचा विचार जास्त करा. मी माझे बूट मे महिन्यापासून वापरतेय, साताऱ्याला हेच घालून धावले, आणि आता ते सहाशे किलोमीटरच्या आसपास चालले आहेत.

ब्रँड सांगत नाही, कारण त्याच नावाचा पुढच्या वर्षीचा बूट पायाला वेगळाच बसतो. प्रकार सांगते: ईव्हीए नावाच्या हलक्या, मऊ फोमचा सोल, टाच आणि पंजा यांच्या उंचीत ८ मिलिमीटरचा फरक, वर जाळीचं कापड, आत प्लेट नाही.

मे महिन्यात नागपुरात पहाटे पाचला निघालं तरी परत येईपर्यंत डांबर तापायला लागतं. उष्णतेने ईव्हीए नरम पडतो. सिव्हिल लाइन्सच्या झाडांखाली हेच बूट नेमके वाटायचे, पण वर्धा रोडवर उशीर झाला की शेवटच्या टप्प्यात तळवे दुखायचे. बूट उन्हात वाळवू नका, बंद गाडीत तर मुळीच ठेवू नका. सीताबर्डीच्या एका मोचीदादांनी मला आधीच बजावलं होतं, "ताई, उन्हात ठेवाल तर सोल्युशन सुटते, मग सोल हातात येते." वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली वाळवलेत, अजून एक कडही सुटलेली नाही.

खरी परीक्षा उताराची. नागपूर सपाट. समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटर उंची, आणि चढ म्हणावा असा रस्ता सेमिनरी हिल्सकडेच. आम्ही फुटाळ्याहून वायुसेनानगरकडे चढायचो आणि मुद्दाम धावतच उतरायचो. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ब्रेक लावत असतो, म्हणजे ताणला जात असतानाच जोर लावतो. त्याने स्नायूला बारीक इजा होते आणि दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतं. पण आधी काही वेळा उतार धावलेला असला की पुढच्या वेळी हीच इजा बरीच कमी होते. सपाट गावातल्या माणसाला साताऱ्यासाठी यापेक्षा मोलाची तयारी नाही, त्यामुळे चढून झाल्यावर चालत खाली येऊ नका.

बुटाने इथे काय करायचं? बोटं पुढे आदळू द्यायची नाहीत. त्यासाठी अर्धा नंबर मोठा घ्या, खरेदी संध्याकाळी करा, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. लेस सगळ्यात वरच्या जादा भोकातून आतल्या बाजूला ओवून कडी करा आणि दुसऱ्या बाजूची लेस त्या कडीतून घेऊन आवळा. टाच जागची हलत नाही. मला साताऱ्यानंतर एकही नख काळं पडलं नाही.

आता शर्यत. २०१२ पासून होणारी ही २१.१ किलोमीटरची धाव शहरातून निघते, यवतेश्वरचा घाट चढते, कासच्या दिशेने वर जाते आणि त्याच रस्त्याने परत येते. पावसाळा असतो. एका वळणावर ढगांतून अजिंक्यतारा दिसतो, खाली सातारा पसरलेलं, कडेच्या कातळावरून पाणी वाहतंय, आणि आपल्यासारखी मोकळ्या मैदानावर वाढलेली माणसं तिथे वेळ बघायची विसरतात. मी चढ हळूच काढला. परतीला लोकांचे वेग वाढतात. तिथे ओल्या डांबरावर पंजाखालच्या मऊ रबराने छान पकड दिली. टाचेखालचं कडक रबर रंगवलेल्या पट्ट्यांवर मात्र सरकतं, तिथे पावलं आखूड ठेवा आणि कडेच्या शेवाळावर जाऊच नका. प्लेटचा जाड, उंच सोल अशा वळणांवर मला डगमगता वाटतो. दोन तासांच्या पुढे धावणाऱ्या आपल्यासारख्यांना त्याचा फायदाही इथे फारसा मिळत नाही, असं माझं मत.

तक्रार दोन गोष्टींची. जाळीतून पाणी लगेच आत येतं, त्यामुळे सुती मोजे अजिबात नकोत. आणि चारशे किलोमीटरनंतर टाचेचा फोम जाणवण्याइतका दबला.

जाणाऱ्यांसाठी: गोंदिया-कोल्हापूर महाराष्ट्र एक्स्प्रेस नागपूरहून थेट साताऱ्याला नेते, पण प्रवास जवळपास अख्ख्या दिवसाचा. बसून पाय सुजतात. शर्यतीच्या आदल्या दिवशी नाही, त्याच्याही आदल्या दिवशी पोचा. स्टेशन शहराबाहेर माहुलीला आहे, रिक्षा करावी लागते.

पुढच्या वर्षी याच प्रकारचा नवा जोड घेणार आहे, टाचेखाली थोडा घट्ट फोम असलेला. जूनमध्येच घेईन, म्हणजे घाटापर्यंत दीडशे-दोनशे किलोमीटर पायाखालून गेलेले असतील. हा जुना जोड अंबाझरीच्या छोट्या फेऱ्यांना अजून चालेल.