जपानची लेन्स, परदेशी पाकीट आणि माझे 1,260 रुपये (आठ महिन्यांच्या वापरानंतर)

बुधवारी रात्री बँकेचा मेसेज आला. 15,260 रुपये जमा. याच व्यवहारात कार्डावरून गेले होते 16,520. विक्रेत्याने 28,000 येन घेतले आणि 28,000 येनच परत केले, एक येनही खाल्ला नाही. मग माझे 1,260 रुपये गेले कुठे?

जपानमधून जुनी लेन्स मागवताना ज्या ऑनलाइन पाकिटातून (पैसे पाठवायच्या सेवेतून) पैसे भरले, त्याचा हा रिव्ह्यू. नाव घेत नाही, त्यांच्याशी भांडण अजून चालू आहे.

लेन्स होती निक्कोर 105 एफ 2.5, एआय-एस, म्हणजे निकॉनची जुनी, हाताने फोकस करायची पोर्ट्रेट लेन्स. ती काय चीज आहे हे फोटोवाल्यांना सांगायला नको. जाहिरातीत 'निअर मिंट' (जवळजवळ नवी), 'नो फंगस' (बुरशी नाही) आणि चौदा फोटो. मी रत्नागिरीचा. आमच्याकडे पावसाळ्यात चामड्याचा पट्टासुद्धा पांढरा होतो, त्यामुळे लेन्स हातात आली की आधी मोबाइलचा टॉर्च मागच्या काचेतून मारायचा, बाकी सगळं नंतर. बुरशी नव्हती, तेवढं तो खरं बोलला होता. पण आतल्या एका काचेवर दुधावरच्या सायीसारखा धूसर थर होता. हेझ. चौदा फोटोंपैकी एकही टॉर्च मारून काढलेला नाही, हे तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं.

कबूल करायला लाज वाटते, पण पैसे भरण्यापूर्वी याच विक्रेत्याने सुचवलं होतं की थेट बँकेत पाठवा, चार टक्के कमी करतो. 1,120 येन, म्हणजे साडेसहाशे रुपयांच्या आसपास. तेवढ्यासाठी मी दोन दिवस घोळ घातला. बँकेतून गेलेले पैसे तिकडच्या खात्यात पडले की ते परत येणं विक्रेत्याच्या मर्जीवर. पाकिटातून पाठवतानाही 'मित्र-नातेवाईक' असा प्रकार निवडलात तर खरेदीदाराचं संरक्षण संपलं. फी वाचते, बाकी सगळं जातं.

मी पाकिटाकडे तक्रार टाकली. दुसऱ्या दिवशी विक्रेत्याचं गोड उत्तर: पाच हजार येन परत देतो, फक्त आधी तक्रार बंद करा. मी बंद करायलाच निघालो होतो. बायको म्हणाली, "आधी पैसे येऊ देत की. भाजीवालीकडे सुटे दोन रुपये राहिले तरी तुम्ही हलत नाही." नंतर नियम वाचले. एकदा बंद केलेली तक्रार पुन्हा उघडता येत नाही! मग टॉर्चचा व्हिडिओ आणि सीरियल नंबरचा फोटो चढवला, लेन्स ट्रॅकिंग असलेल्या पोस्टाने परत पाठवली आणि तीन आठवड्यांनी निकाल माझ्या बाजूने लागला. त्या क्षणी मी पाच तारे द्यायला तयार होतो.

आणि मग तो मेसेज.

पैसे भरताना रक्कम आधीच रुपयांत दिसते. सोयीचं वाटतं. खाली बारीक अक्षरात एक लिंक असते, ती उघडली तर 'येनमध्ये भरा, रूपांतर कार्डाची बँक करेल' हा पर्याय सापडतो. माझी बँक 3.5 टक्के घेते, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 4.13 टक्के. तेही काही स्वस्त नाही, पण पाकिटाने जाताना येनला 59 पैसे लावले आणि येताना साडेचोपन्न. येन मधल्या काळात थोडा घसरलाही असेल. पण दोन्ही वेळा दर ठरवणारे हे पाकीटवालेच.

घरचे म्हणतात, परतीच्या पोस्टाचे दोन हजार आणि भरलेलं कस्टम्स शुल्क यापेक्षा मोठं आहे, त्याबद्दल ओरड. कस्टम्स कायद्याच्या कलम 74 मध्ये परत पाठवलेल्या मालावर 98 टक्क्यांपर्यंत शुल्क परत मिळायची तरतूद आहे खरी. एका लेन्ससाठी ती कागदपत्रं करण्याचा नाद मी सोडला. पोस्टाने निदान काम तरी केलं. 1,260 मात्र नुसते हवेत विरले.

विकायच्या बाजूने एकदाच गेलो. माझी जुनी 70-200 झूम लेन्स घ्यायला परदेशातला एक गिऱ्हाईक तयार झाला, पत्ता मात्र तिसऱ्याच देशातल्या 'चुलत भावाचा'. पाठोपाठ पाकिटाच्या नावाने मेल: पैसे आले आहेत, ट्रॅकिंग नंबर टाकलात की सुटतील. मेलमधल्या लिंकला हात न लावता स्वतः खातं उघडलं. शिल्लक शून्य. पाठवणाऱ्याचा पत्ता साध्या फुकट मेलचा. ती लेन्स शेवटी कोल्हापूरचा एक लग्नवाला फोटोग्राफर घेऊन गेला, दारात उभं राहून दोन-चार फोटो काढून, रोख मोजून.

परवा दुसरी 105 मागवली. या वेळी टॉर्चचा फोटो आधी मागितला, विक्रेत्याने अर्ध्या तासात पाठवला. चलन येन केलं, स्क्रीनशॉट काढून ठेवला. पाकीट तेच, दुसरं कुठलं आणू?

1,260 बद्दल तिसरा ईमेल काल टाकला. पहिल्या दोन्हींना आलेलं उत्तर शब्दशः एकच होतं, आणि दोन्हींत माझं आडनाव चुकलेलं. सध्या तीन तारे. पैसे आले तर चौथा देईन.