१५ वर्षांच्या सेवेवर मिळालेलं ‘ग्रॅज्युएशन’: १४ महिने वापरून झाल्यावर

गावात रजेवर आलेली फौजेतली पोरं पारावर गाठतात आणि सगळी एकच विचारतात, "आप्पा, ते ग्रॅज्युएशनचं सर्टिफिकेट खरंच चालतं का?" प्रत्येकाला वेगळं सांगून तोंड दुखायला लागलं, म्हणून इथं एकदाच लिहून टाकतो.

मराठा लाइट इन्फंट्रीत १७ वर्षं काढून हवालदार म्हणून पेन्शन आलो. शिक्षण बारावी, तेही भरतीच्या धावपळीत कसंबसं काढलेलं. सध्या सातारा जिल्ह्यातच एका सरकारी बँकेच्या शाखेत काउंटरला बसतो. क्लार्क म्हणा, भरतीच्या जाहिरातीत हल्ली त्याला कस्टमर सर्व्हिस असोसिएट म्हणतात.

शेवटच्या वर्षी माझ्यापुढं तीन वाटा होत्या. एक, डीजीआरचा, म्हणजे फौजेच्या पुनर्वसन महासंचालनालयाचा, रीसेटलमेंट कोर्स; निवृत्तीनंतरच्या नोकरीसाठीचं प्रशिक्षण. जवान आणि जेसीओंना (सुभेदारासारख्या कनिष्ठ अधिकाऱ्यांना) त्याची फी पडत नाही, म्हणून तो केलाच. कॉम्प्युटरची भीती गेली, बाकी त्याचा कागद आजवर कुणी मागितलेला नाही. दुसरी वाट मुक्त विद्यापीठाची बी.ए. तिसरी म्हणजे हा समकक्षतेचा कागद, तेच ते ग्रॅज्युएशनचं सर्टिफिकेट. आमचे सुभेदार साहेब म्हणाले, "डिग्रीबिग्री होत राहील, आधी हा कागद हातात घे आणि बँकेच्या मागं लाग." मी तेच केलं. सल्ला निम्मा बरोबर होता.

आधी हा कागद काय आहे ते सांगतो, कारण निम्म्या लोकांना ती पदवीच वाटते. दहावी पास माणसाची फौजेत १५ वर्षं झाली की केंद्र सरकारच्या गट क मधल्या, पदवी लागणाऱ्या पण तांत्रिक शिक्षण न लागणाऱ्या पदांसाठी त्याला पात्र धरतात. याला आधार १२ फेब्रुवारी १९८६ च्या अधिसूचनेचा. राज्यातही तलाठ्यासारख्या भरतीच्या जाहिरातीत १५ वर्षं सेवा झालेल्या माजी सैनिकाला अशी सवलत दिलेली असते, फक्त ती बारीक अक्षरात कुठंतरी आत असते. शोधून वाचा.

बँकेसाठी म्हणाल तर हा कागद सोन्यासारखा. सरकारी बँकांत क्लार्कच्या जागांत माजी सैनिकांना १४.५ टक्के राखीव आहेत. वयात झालेली सेवा अधिक ३ वर्षं सूट मिळते, कमाल वय ५०. आमचा कटऑफही बराच खाली असतो. पण पेपर सगळ्यांना तोच. पूर्वपरीक्षेत इंग्रजी, गणित आणि रीझनिंगला वीस-वीस मिनिटं. पहिल्या खेपेला इंग्रजीत आपटलो. दुसऱ्या खेपेला पुतणीच्या शेजारी बसून, तिच्याच जुन्या पुस्तकांवर तयारी केली.

कागदपत्रं तपासणीच्या दिवशी मात्र घाम फुटला. टेबलापलीकडचा पोरगा तिशीचाही नसेल. म्हणाला, "सर, डिग्री कुठाय?" मी कागद पुढं सरकवला. त्यानं उलटून पाहिलं, मागं काहीच नव्हतं. "हे युनिव्हर्सिटीचं नाहीये." मग फाइलमधून त्या अधिसूचनेची प्रत काढली, जाहिरातीतली ओळ पिवळ्या पेननं रंगवून नेली होती ती दाखवली. तो आत गेला, वीस मिनिटांनी आला, शिक्का मारला. तुम्ही जाल तेव्हा या दोन प्रती सोबत न्याच.

आणखी एक, नाव. माझ्या दहावीच्या सर्टिफिकेटवर वडिलांचं नाव एका स्पेलिंगनं आणि डिस्चार्ज बुकात दुसऱ्याच. नशीब, युनिटमध्ये असतानाच एका क्लार्कनं ते पकडलं आणि पार्ट टू ऑर्डर, म्हणजे नोंद दुरुस्तीचा फौजी आदेश, निघाली. घरी आल्यावर हेच निस्तरायचं म्हणजे रेकॉर्ड ऑफिसला पत्रांवर पत्रं.

आता तक्रारीचं. दाराच्या आत आल्यावर या कागदाचा जोर संपतो. माझ्यासोबत लागलेल्या पदवीधर पोरीला पदवीच्या दोन वेतनवाढी मिळाल्या. मी अर्ज केला, तर उत्तर आलं की हे प्रमाणपत्र फक्त भरतीपुरतं. अधिकारी पदाच्या परीक्षेलाही आमच्याकडं पदवीधराला लवकर बसता येतं, मला जास्त वर्षं थांबावं लागणार. एम.ए., एलएल.बी., बी.एड. यांपैकी कशालाही या कागदावर प्रवेश नाही. जेएआयआयबी ही बँक कर्मचाऱ्यांची परीक्षा मात्र देता येते, तिला बारावी पुरते. चार पेपरांपैकी दोन निघालेत. अकाउंट्सचा अजून छळतोय.

बँकेचं काम जमलं का, असं विचाराल तर जमलं. पहिले दोन महिने कॅश जुळेना, एकदा पाचशेची नोट स्वतःच्या खिशातून भरली. पासबुक प्रिंटरपुढची रांग सांभाळायला मात्र फौजेतला आवाज उपयोगी पडतो. म्हातारी माणसं पेन्शनच्या दिवशी मलाच शोधत येतात.

पण पोरांनो, ज्या गोष्टीचा मला खरा पस्तावा आहे ती वेगळीच. माजी सैनिक म्हणून सरकारी नोकरी एकदा धरली की तो कोटा संपला. रुजू होण्याआधी दुसरीकडं अर्ज टाकलेले असतील आणि ते लिहून दिलेलं असेल, तर तेवढ्यांपुरता लाभ राहतो. मला हे रुजू झाल्यावर कळलं. खासगी सिक्युरिटीच्या नोकरीला हा नियम लागत नाही, सरकारी म्हटली की लागतो. तेव्हा पहिला होकार देण्याआधी हातातले सगळे फॉर्म भरून टाका.

आणि डिग्री? युनिटमध्ये इग्नूचे फॉर्म फिरत होते तेव्हा मी व्हॉलीबॉल खेळत होतो. पेन्शनच्या तीन वर्षं आधी नाव घातलं असतं, तर सर्टिफिकेट आणि पदवी दोन्ही एकाच वेळी हातात आले असते. आता यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातलंय. पुस्तकं मराठीत आहेत, वाचायला बरी वाटतात. रात्री जेवणं झाली की ताटं बाजूला सारून त्याच टेबलावर स्वाध्याय लिहितो. समोर मुलगी दहावीचा अभ्यास करत असते. इंग्रजीचं अडलं की मी तिला विचारतो, आणि ती फी म्हणून माझा मोबाइल मागते.