जर्मनीच्या 'एक्सचेंज प्रोग्राम'चं पत्र हातात आलं, तर पैसे देण्याआधी हे तपासा

यावल तालुक्यातल्या एका मेकॅनिकल डिप्लोमाच्या मुलाकडून 'एक्सचेंज प्रोग्राममधून जर्मनीत तांत्रिक प्रशिक्षण' म्हणून साडेचार लाख रुपये घेतले गेले. निम्मे केळीचे, बाकीचे आईचं सोनं गहाण ठेवून. बदल्यात मिळालं एक दोन पानी पत्र. त्यात जे लिहिलं होतं तेवढ्यावरूनच ते खोटं आहे हे कळत होतं, पण घरात कुणाला ते कसं वाचायचं हे माहीत नव्हतं.

जर्मनीत कारखान्यात काम करत शिकण्याच्या पद्धतीला आउसबिल्डुंग म्हणतात. आठवड्यातले एक-दोन दिवस व्यवसाय शाळा, बाकीचे दिवस कंपनीत. कंपनीच मुलाला दरमहा विद्यावेतन देते, त्यामुळे 'सीट'चे पैसे हा प्रकारच नाही. २०२५ मध्ये सुरू झालेल्या प्रशिक्षणाला कायद्याने ठरवलेली किमान रक्कम पहिल्या वर्षी महिना ६८२ युरो होती. पहिल्या वर्षाच्या मानाने ती दुसऱ्या वर्षी १८ टक्क्यांनी आणि तिसऱ्या वर्षी ३५ टक्क्यांनी वाढते.

आता ते पत्र पाहा. तिन्ही वर्षं एकच रक्कम, १२०० युरो. खरा करार असा नसतो, कारण विद्यावेतन दरवर्षी वाढलंच पाहिजे असा तिथला कायदा आहे. परिविक्षा काळ (प्रोबेशन) सहा महिने लिहिला होता, तो कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त चार महिने असतो. व्यवसायाच्या जागी नुसतं 'मेकॅनिकल ट्रेनी'. खऱ्या करारात मान्यताप्राप्त व्यवसायाचं नेमकं नाव, सुरुवातीची तारीख, एकूण मुदत, रोजचे तास आणि सुट्या हे सगळं असतं. उदाहरणार्थ, इंडस्ट्रीमेकानिकर (कारखान्यातला यंत्र मेकॅनिक) हा व्यवसाय साडेतीन वर्षांचा आहे. शिवाय करार तिथल्या उद्योग चेंबरकडे, म्हणजे आयएचकेकडे, किंवा कारागिरीचा व्यवसाय असेल तर कारागिरांच्या चेंबरकडे, म्हणजे एचडब्ल्यूकेकडे, नोंदवावा लागतो. कोणत्या चेंबरकडे नोंद होणार, असं विचारलं की एजंट विषय बदलतो.

कंपनी खरी आहे का हे हांडेल्सरेगिस्टर या जर्मन नोंदणी संकेतस्थळावर फुकट पाहता येतं. मात्र तिथे नाव सापडलं म्हणून थांबू नका, खऱ्या कंपनीचं नाव चोरूनही पत्रं बनतात. कंपनीचं स्वतःचं संकेतस्थळ शोधा आणि तिथल्या पत्त्यावर ईमेल करून विचारा. पत्रावरच्या पत्त्यावर विचारलं तर उत्तर एजंटच देणार. या पत्रावर तर जीमेलचा पत्ता होता.

भाषेचं आमिष सगळ्यात घातक. आउसबिल्डुंगच्या व्हिसाला साधारणपणे बी-वन म्हणजे मधल्या पातळीचं जर्मन लागतं. गोएथे संस्थेच्या परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन, संभाषण या चारही भागांत १०० पैकी ६० गुण हवेत. शून्यापासून तिथवर पोचायला ४५ मिनिटांच्या ३५० ते ६५० तासिका लागतात. रोज दोन तास वर्ग झाला तरी चार महिन्यांच्या आत ते होत नाही. 'भाषा तिथे गेल्यावर शिकू' म्हणणाऱ्याला व्हिसा मिळवून द्यायचाच नसतो.

या मुलाचा अर्ज तर टुरिस्ट व्हिसाचा भरला होता. तो ९० दिवसांचा, त्यावर काम करता येत नाही आणि जर्मनीत जाऊन तो प्रशिक्षणाच्या व्हिसात बदलूनही मिळत नाही. प्रशिक्षणाला राष्ट्रीय म्हणजे डी व्हिसा लागतो, त्याचं शुल्क ७५ युरो. 'एम्बसी फी' म्हणून दीड लाख मागितले जातात, ते कुठे जातात ते यावरून ओळखा.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, हे खरं आहे. त्याचं कात्रण दाखवून 'सरकारी कोटा' विकला जातो. कात्रण म्हणजे परवाना नव्हे. परदेशी कामाला माणसं पाठवणाऱ्या एजंटची नोंदणी केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर दिसते आणि त्याला जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं. ही अट चुकवायलाच 'एक्सचेंज' हा शब्द वापरतात. एक्सचेंज असेल तर कॉलेजाशी लेखी करार हवा. प्राचार्यांच्या कार्यालयात जाऊन त्याची प्रत मागा.

पावतीकडेही लक्ष द्या. तिच्यावर 'समुपदेशन शुल्क, ना-परतावा' लिहून घेतात आणि पैसे कुणाच्या तरी खासगी यूपीआयवर जातात. पुढे पोलिसांत गेलं की 'हा दिवाणी वाद आहे' असं उत्तर मिळतं. मूळ गुणपत्रिका, पासपोर्ट आणि सही केलेले कोरे चेक कधीच ताब्यात देऊ नका. पैसे परत मागितले की तेच अडवून ठेवतात.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा, म्हणजे खातं गोठवता येण्याची शक्यता राहते. पोलीस तक्रारीत भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ लिहा. सोबत व्हॉट्सॲप संभाषण, पत्र आणि बँकेचं स्टेटमेंट छापून जोडा आणि तक्रारीच्या स्वतःकडच्या प्रतीवर पोचीचा शिक्का घ्या.