राळ, नो-क्लीन की पाण्याने धुवायचा फ्लक्स? नागपूरच्या हवेत आरएफ बोर्डसाठी काय घ्यावं

फ्लक्स म्हणजे सोल्डर नीट पसरावं म्हणून जोडावर लावायचं रसायन, आणि नो-क्लीन म्हणजे न धुता तसाच सोडायचा प्रकार. सीताबर्डीत नो-क्लीन फ्लक्स मागितला की दुकानदार हमखास सांगतो, "धुवायची गरजच नाही याले भाऊ, काहून ताप करून घेता जीवाले?" एलईडी ड्रायव्हर किंवा साधा टायमर असेल तर त्याचं म्हणणं सोळा आणे खरं. पण तुमच्या बोर्डवर ८६५ मेगाहर्ट्‌झचं लोरा (लांब पल्ल्याचं रेडिओ) किंवा २.४ गिगाहर्ट्‌झचं वाय-फाय असेल, म्हणजे बोर्ड आरएफचा (रेडिओ लहरींचा) असेल, तर जरा थांबा.

दोन पॅडमधल्या फटीत फ्लक्स साचला की तिथे हवेऐवजी दुसरा डायइलेक्ट्रिक (विद्युतरोधक पदार्थ) आला, म्हणजे नको असलेला कपॅसिटर तयार झाला. समजा तो ०.१ पिकोफॅरडचा आहे. ७ मेगाहर्ट्‌झला त्याचा रिअॅक्टन्स (एसी सिग्नलला होणारा अडथळा) सव्वादोन लाख ओहमच्या पुढे, कोणाच्या खिजगणतीत नाही. २.४ गिगाहर्ट्‌झला तोच साधारण ६६० ओहम, आणि ५० ओहमच्या लाइनवर तो जाणवतो. त्यात भर ओलाव्याची. पाण्याचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट ८०च्या आसपास, आणि फ्लक्समधली सेंद्रिय आम्लं हवेतली ओल ओढून घेतात.

मे महिन्यात नागपूर कोरडं ठणठणीत असतं, मग ओल कुठून येणार, असं मलाही वाटायचं. पण माझं टेबल कूलरच्या थेट झोतात आहे. २.४ गिगाहर्ट्‌झच्या अँटेनाचं मॅचिंग सकाळी नॅनोव्हीएनएवर (अँटेना तपासायचं छोटं यंत्र) जमवलं. दुपारी कूलर लावला, आणि तासाभरात आलेखातली खाच, म्हणजे अँटेना सगळ्यात नीट जुळते ती जागा, कमी वारंवारतेकडे सरकून उथळ झाली. आधी केबलवर संशय घेतला, मग कनेक्टरवर. शेवटी मॅचिंगच्या इंडक्टरभोवतीचा नो-क्लीन जेलचा चिकट थर धुतला, तेव्हा खाच परत जास्त वारंवारतेकडे गेली आणि कूलर चालू असतानाही तिथेच राहिली.

चूक फ्लक्सची नव्हती, माझी होती. नो-क्लीन पूर्ण तापला तरच निरुपद्रवी होतो. रिफ्लो ओव्हनमध्ये (सोल्डर वितळवायच्या भट्टीत) सगळा बोर्ड तापतो. हाताने काम करताना आपण जेल भरभरून लावतो, सोल्डरिंग आयर्न टेकतो एका टोकाला, आणि पसरलेला फ्लक्स कच्चाच राहतो. तेव्हा ओव्हनमधून आलेल्या बोर्डवर नो-क्लीन तसाच ठेवायला हरकत नाही. हाताने जोडलेल्या आरएफ भागावर मात्र धुवाच.

आणि धुवायचं तर पुरतं धुवा. आयपीएत (आयसोप्रोपिल अल्कोहोल) बुडवलेला कापसाचा बोळा दोनदा फिरवला की पांढरी साय उरते. वरचा राळेचा थर निघतो आणि आत कोंडलेला अॅक्टिव्हेटर (धातूवरचा ऑक्साइड काढणारा घटक) उघडा पडतो. हे न धुण्यापेक्षा वाईट. आपल्याकडच्या उन्हाळ्यात आयपीए बघता बघता उडतो, विरघळलेली घाण तिथेच सोडून. म्हणून भरपूर घ्या, ब्रशने घासा, बोर्ड तिरका धरून ताज्या आयपीएने पुन्हा धुवा. त्याचा फ्लॅश पॉइंट १२ अंशांजवळ आहे, तेव्हा तापलेलं सोल्डरिंग आयर्न आधी बाजूला.

जुनी राळ, म्हणजे रोजिन कोअरची (पोटात राळ असलेली) सोल्डरची तार, मला अजूनही आवडते. राळ गार झाली की कडक होते, अॅक्टिव्हेटर आत पकडून ठेवते, आणि आयपीएत चटकन विरघळते. पण गच्चीवरच्या बंद डब्यात, एप्रिल-मेच्या उन्हात ती मऊ पडते आणि धूळ धरते. बाहेर लावायच्या बोर्डवर तीही ठेवू नका.

पाण्याने धुवायचा फ्लक्स सगळ्यात तिखट. काळवंडलेल्या पॅडवरही सोल्डर सुरेख पसरतं. पण तो राहिला तर गंज आणि विजेची गळती ठरलेली, म्हणून त्याच दिवशी कोमट डिस्टिल्ड वॉटरने धुवावाच लागतो. नळाचं पाणी नको, वाळल्यावर क्षार मागे राहतात. ट्रिमर, बझर, उघडे रिले असलेल्या बोर्डला हा पर्यायच नाही. पाइप जोडायची आम्लाची पेस्ट तर विसराच.

हाताने एखाद-दोन बोर्ड करणार असाल तर माझं मत रोजिन कोअर तारेला, वर आयपीएची धुलाई. बोर्ड वर्कशॉपमधून रिफ्लो होऊन येणार असतील तर नो-क्लीन, डब्यावर आरओएल० (राळेचा, सौम्य प्रकार) लिहिलेला, आणि नंतर हात लावलेल्या जागा तेवढ्या धुवायच्या. पाण्याचा फ्लक्स ज्यांच्याकडे धुण्या-सुकवण्याची नीट सोय आहे त्यांनीच घ्यावा.

गंमत म्हणजे फ्लक्सचा त्रास फक्त गिगाहर्ट्‌झवाल्यांना होतो असंही नाही. घड्याळाचा ३२.७६८ किलोहर्ट्‌झचा क्रिस्टल इतक्या जास्त इम्पिडन्सवर चालतो की पायांमधल्या गळतीने तो सुरूच होत नाही. तिथेही ब्रश फिरवा. आणि शील्डचा (आरएफ भाग झाकायचा धातूचा) डबा बसवायच्या आधीच धुऊन घ्या. नंतर धुतलं तर द्रव क्यूएफएन (बाहेर पाय नसलेल्या, बोर्डला चिकटून बसणाऱ्या) चिपच्या पोटाखाली फ्लक्स ओढून नेतो, आणि तिथून तो काढायला ब्रश पोचत नाही.