३१५ रायफल आणि तिची काडतुसं: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

तात्यांची, म्हणजे माझ्या चुलत्यांची, इशापूरच्या सरकारी कारखान्याची ३१५ बोर रायफल मार्च २०२४ मध्ये परवान्यासकट माझ्या नावावर झाली. लगेच लोकसभेची आचारसंहिता लागली, रायफल ठाण्यात जमा केली, ती जूनमध्ये परत मिळाली. तेव्हापासूनच्या नऊ महिन्यांत मी ४२ राउंड, म्हणजे काडतुसं, झाडले, सगळे रेंजवर, ५० आणि १०० मीटरवर, आणि प्रत्येकाची नोंद वहीत आहे. आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात पीकसंरक्षणाचा परवाना असलेली घरं बरीच. काडतूस कुठलं घ्यावं असं विचारणारे फोन सारखे येतात, म्हणून सविस्तर लिहितोय. मी मराठा लाइट इन्फंट्रीत होतो. तिथे मिळेल तो राउंड भरायचा असतो. घरच्या रायफलीसाठी निवड आपली आपल्यालाच करावी लागते.

आधी थोडं बोरबद्दल, म्हणजे नळीच्या आतल्या मापाबद्दल. ०.३१५ इंच म्हणजे ८ मिलिमीटर. काडतूस मूळचं ऑस्ट्रिया-हंगेरीच्या मानलिखर लष्करी रायफलीचं. इंग्रजांनी आपल्या फौजेचा ३०३ बोर लोकांच्या हाती जाऊ दिला नाही, म्हणून इथल्या शेतकऱ्याच्या आणि शिकाऱ्याच्या वाट्याला ३१५ आला. ३०३ आजही मनाई बोरमध्येच आहे, म्हणजे सामान्य परवान्यावर मिळत नाही. माझ्या रायफलीचा बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत ढकलून मागून बंद करणारा दांडा, मात्र इंग्रजी फौजेच्या ली-एन्फील्ड रायफलीच्या घराण्यातला, इतका गुळगुळीत चालतो की तात्यांच्या हाताची आठवण येते. गोळी २४४ ग्रेनची, जवळपास १६ ग्रॅम. आत शिसं, वरून तांब्याच्या मिश्रधातूचं कवच आणि टोकाला शिसं उघडं, म्हणून तिला सॉफ्ट नोज म्हणतात.

सुरुवात केली ती तात्यांच्या ट्रंकेतल्या २४ जुन्या राउंडांनी. ही माझी चूक होती. ट्रंक माळ्यावर, वर कौलं, आणि आमच्या जांबोटी-कणकुंबी भागातला पाऊस! पितळेवर हिरवट कळंक चढला होता. पुसला तर खालचं पितळ चांगलं दिसलं, म्हणून मी रेंजवर घेऊन गेलो. पहिले तीन ठीक उडाले. चौथ्याला चाप ओढला, नुसतं टक् झालं, आणि क्षणभरानं बार उडाला. फौजेतल्या सवयीमुळे नळी निशाणावरून हलली नव्हती, म्हणून निभावलं. राउंड उडाला नाही तर बोल्टला हात लावायचा नाही. नळी निशाणाकडेच ठेवून निदान ३० सेकंद थांबायचं. पाचवा पुन्हा व्यवस्थित गेला. सहाव्याची रिकामी केस काढली तर तिच्या मानेला उभी चीर. तिथेच थांबलो. उरलेले १८ ठाण्यात लेखी पोच घेऊन जमा केले. वडीलधाऱ्यांनी जपून ठेवलेली वस्तू टाकवत नाही, हे मला कळतं. पण गाल त्याच बोल्टला लागून असतो.

मग शेजारच्या नानांनी दुसरी वाट सुचवली. त्यांच्याकडे वडिलांपासूनची ठासणीची बंदूक आहे. “एवढं महागाचं काडतूस कशाला आणूलास? शिसं वितळव, साच्यात ओत, झाली गोळी!” ठासणीच्या बंदुकीत ओतीव गोळी चालते, कारण तिथे वेग कमी. ३१५ ची गोळी सेकंदाला ६०० मीटरच्या घरात जाते. एवढ्या वेगाला नुसतं मऊ शिसं नळीतल्या आट्यांना, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या चरांना, धरून राहत नाही. खरवडतं, नळीला लिंपतं, आणि नेम जातो. परदेशात या जुन्या बोरांसाठी ओतीव गोळ्या वापरणारे आहेत, पण ते शिशात कथील आणि अँटिमनी घालून ते कडक करतात, गोळीच्या बुडाला तांब्याची वाटी बसवतात आणि आपल्या नळीचं माप घेऊन गोळी तिच्यापेक्षा केसभर जाड ठेवतात. आपल्याकडे हा प्रश्नच येत नाही. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ नुसार दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो. आपला परवाना बाळगण्याचा आहे. नानांना मी हे सगळं समजावलं. त्यांना पटलं की नाही, सांगता येत नाही.

शेवटी दुकानातून नवे सॉफ्ट नोज घेतले, आधी २० आणि दिवाळीनंतर ३०. पहिल्या लॉटचा (एका वेळी बनलेल्या मालाचा) पाच राउंडांचा ग्रुप, म्हणजे पाच भोकांचा पसारा, १०० मीटरवर सरासरी ११ सेंटिमीटर आला. उघड्या नेमावर, माझ्या पन्नाशीच्या डोळ्यांना, यात मी खूश आहे. त्याच हिशेबानं रायफल झिरो केली, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागेल असं जुळवलं. दुसऱ्या लॉटचा ग्रुपही जवळपास तेवढाच, पण सगळा ८ सेंटिमीटर खाली. दोन रविवार मी स्वतःलाच दोष देत होतो: श्वास चुकतोय, चाप झटकतोय. मग डब्यांवरचे लॉट नंबर ताडून पाहिले, तेव्हा उलगडा झाला. लॉट बदलला की नेम बदलू शकतो, कोणत्याही काडतुसाचं हेच. म्हणून परवान्यावर जेवढा आकडा आहे तेवढे राउंड एकाच लॉटचे घ्या, आणि नवा लॉट आणला की पाच राउंड झिरोसाठी बाजूला काढा. दुकानदार कंटाळला तरी लॉट नंबर बघूनच डबा उचला.

साफसफाईबद्दल मी आग्रही आहे. जुन्या धाटणीच्या कॅपच्या, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीच्या, मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असतं. बार झाला की नळीत क्षार उरतो आणि तो हवेतला ओलावा ओढतो. आमच्याकडे जुलैत मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, तेच नळीत होतं. तेल क्षाराला विरघळवत नाही, त्याला पाणीच लागतं. त्या सहा राउंडांनंतर मी फक्त तेलाची चिंदी फिरवली, आणि चार दिवसांत आट्यांत लालसर गंज दिसला. तेव्हापासून घरी येताच बोल्ट काढून चेंबरकडून, म्हणजे काडतूस बसतं त्या टोकाकडून, कढत पाणी ओततो, पुल-थ्रूनं (नळीतून ओढायच्या दोरीनं) कोरड्या चिंद्या ओढतो, नळी गार झाली की तेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक चिंदी. नव्या राउंडांच्या कॅपमध्ये कुठला मसाला आहे हे डब्यावर नाही, म्हणून त्यांनाही हीच वागणूक. झाडण्याआधी नळीतलं तेल पुसून घ्यायला मात्र विसरू नका.

शेताच्या राखणीला ही रायफल उपयोगी आहे का, असं बरेच जण विचारतात. भातात गवा शिरला की काय होतं ते मला माहीत आहे, पण गवा १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्यावर गोळी झाडणं गुन्हा. रानडुकराचंही वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय नाव काढू नका.

दुसऱ्या लॉटचे १४ राउंड शिल्लक आहेत. ते आता माळ्यावर नाहीत, झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह, रायफलीपासून वेगळ्या कुलपात आहेत. पुड्या दर महिन्याला बदलतो.