इंक टँक प्रिंटर घेताय? शाईआधी हेड आणि पॅड बघा

प्रिंटर घेताना बहुतेकांची नजर मशीनच्या किमतीवर असते. थोडे सावध गिऱ्हाईक शाईची किंमतही विचारतं. पण बाटलीतून शाई ओतायच्या टाकीच्या प्रिंटरमध्ये शाई हा फार मोठा खर्च उरलेलाच नाही. मशीन किती वर्षं स्वस्तात चालणार, हे दोन भागांवर ठरतं: कागदावर शाई सोडणारं प्रिंट हेड आणि वाया गेलेली शाई शोषून घेणारा पॅड. हे दोन्ही घरच्या घरी बदलता येतात का, हे सगळ्यात आधी विचारा.

शाईचं गणित आधी उरकून घेऊ. बिनटाकीच्या प्रिंटरला लागणाऱ्या एचपी ६८० या कार्ट्रिजवर (शाईच्या बंद डबीवर) काळी पानं साधारण ४८० निघतात आणि तिरंगी कार्ट्रिजवर १५०. कॅनन जी३०२० ला लागणारी जीआय-७१ ची काळी बाटली १३५ मिलीची असते आणि ती ६००० पानं देते, म्हणजे साडेबारा कार्ट्रिजांचं काम एका बाटलीत. शिवाय तिरंगी कार्ट्रिजमधला पिवळा संपला की उरलेल्या दोन रंगांसकट ते फेकावं लागतं. टाकीत जो रंग संपला तेवढाच भरायचा.

बाटलीवरचे आकडे मात्र नीट वाचा. एप्सनच्या ००३ शाईची बाटली ६५ मिलीची. काळीची ४५०० पानं, रंगीतची ७५००. यातले ७५०० हे निळी, गुलाबी, पिवळी अशा तिन्ही बाटल्या मिळून आहेत, एकेका बाटलीचे नाहीत. म्हणून रंगीत पानाचा खर्च काढताना तीन बाटल्यांच्या किमतीला ७५०० ने भागा आणि त्यात काळ्या बाटलीची किंमत भागिले ४५०० मिळवा. मशीनसोबत आलेल्या पहिल्या बाटल्या एवढी पानं देत नाहीत, कारण त्यातली बरीच शाई रिकाम्या नळ्या आणि हेड भरण्यातच जाते. हे आकडे ठरावीक चाचणी पानांवरचे असतात. पानभर फोटो छापला तर शाई कितीतरी पट जास्त लागते.

आता हेडकडे येऊ. कॅनन आणि एचपीचं हेड शाई तापवून, वाफेच्या बुडबुड्याने थेंब बाहेर ढकलतं. एप्सन आणि ब्रदरच्या हेडमध्ये उष्णता नसते. विजेच्या दाबाने वाकणारा स्फटिक शाई ढकलतो. दुसरा प्रकार जास्त टिकाऊ आहे, पण हेड मशीनमध्ये पक्कं बसवलेलं असतं. ते कायमचं चोक झालं तर काम सर्व्हिस सेंटरचं, आणि पुष्कळदा खर्च ऐकून माणूस नव्या मशीनचाच विचार करतो. तापणारं हेड लवकर झिजतं. टाकी कोरडी असताना छापत राहिलात तर जळूनही जातं, कारण त्याला थंड ठेवणारी शाईच नसते. पण कॅननच्या जी मालिकेत आणि एचपी स्मार्ट टँकमध्ये काळं आणि रंगीत अशी दोन हेडं वेगळी असतात आणि ती हाताने काढून बदलता येतात. घरात प्रिंटर कधी दहा दिवस चालतो, कधी महिनाभर पडून राहतो. अशा वापरात मला बदलता येणारं हेड जास्त मोलाचं वाटतं.

पॅडची गोष्ट दुकानात कोणी काढत नाही. प्रत्येक हेड क्लीनिंगला, म्हणजे प्रिंटर हेड साफ करतो तेव्हा, शाई नोझलमधून (हेडच्या बारीक छिद्रांतून) ओढून मशीनच्या तळाशी असलेल्या पॅडमध्ये सोडली जाते. प्रिंटर तिचा हिशेब ठेवतो आणि मर्यादा भरली की छापणं थांबवतो. एप्सन एल३२५० मध्ये अशा वेळी पॅड बदलून काउंटर रीसेट करून घ्यावा लागतो. नुसतं सॉफ्टवेअरने काउंटर शून्य करून पॅड तसाच ठेवला तर शाई खालून गळते आणि टेबलावर येते. कॅनन जी३०२० मध्ये याच कामासाठी एमसी-जी०२ हे मेंटेनन्स कार्ट्रिज आहे. जुनं काढायचं, नवं बसवायचं, काम संपलं. जी३०२० चीच आधीची पिढी असलेल्या जी३०१० मध्ये ही सोय नाही. त्यामुळे जुना साठा थोडा स्वस्त मिळत असला तरी तो घेऊ नका.

काळी शाई कोणत्या जातीची आहे तेही बघा. ००३ मधली काळी डाय प्रकारची, म्हणजे विरघळलेल्या रंगाची आहे: कागदात मुरते, ओल्या बोटाने पसरते, हायलायटर फिरवला की फरकटते. जीआय-७१ ची काळी आणि एप्सन एल४२६० ला लागणारी ००१ ची काळी पिगमेंट, म्हणजे न विरघळणाऱ्या बारीक रंगकणांची आहे. अक्षर ठसठशीत उमटतं आणि पाण्याला दाद देत नाही. अर्ज, नोट्स, शाळेचे प्रकल्प छापायचे तर पिगमेंटच हवी. एल४२६० पाठपोटही आपोआप छापतो. ज्यांच्याकडे रोज दहा-वीस पानं निघतात त्यांनी हा घ्यावा. बाकी घरांसाठी माझी पसंती जी३०२० ला. एल३२५० वाईट नाही, पण तो मुख्यतः रंगीत चित्रं छापणाऱ्यांसाठी.

वेगाच्या जाहिरातीला भुलू नका. एल३२५० च्या खोक्यावरचे मिनिटाला ३३ पानं हे फिकट ड्राफ्ट छपाईचे. प्रमाणित वेग काळ्यात १० आणि रंगीत ५ पानांचा आहे. स्कॅनर या सगळ्यांत पुरेसा असतो. फक्त जाड पुस्तकाच्या शिवणीजवळचा मजकूर काचेपासून उचललेला राहतो आणि धूसर येतो.

प्रिंटर नेहमी त्याच्या बटणानेच बंद करा. भिंतीवरचा स्विच मारला तर हेड टोपीखाली जाऊन बसत नाही आणि नोझल उघडे राहून सुकतात. आठवड्याला चारही रंग असलेलं एक पान छापलं तर क्लीनिंगची वेळ क्वचितच येते. पानावर पांढऱ्या रेघा दिसल्या तर लगेच क्लीनिंग सुरू करू नका. आधी नोझल चेक, म्हणजे तपासणीचा नमुना छापा. नमुन्यातल्या रेषा तुटलेल्या असतील तरच हेड चोक आहे. रेषा अखंड आणि तरी अक्षर दुहेरी दिसत असेल तर हेड अलाइनमेंट करा, म्हणजे हेड रेषेत जुळवून घ्या, त्यात शाई फारशी जात नाही. चोक असेल तर एक क्लीनिंग, पुन्हा नोझल चेक, असं तीनदा. तरी सुटलं नाही तर मशीन १२ तास बंद ठेवा, नळीतली हवा बसायला वेळ लागतो. एल३२५० वर त्यानंतरचा उपाय पॉवर क्लीनिंग (जास्त जोराची सफाई), पण सगळ्या टाक्या किमान एक तृतीयांश भरलेल्या असतील तरच. कमी शाईवर ते केलं तर नळीत हवा शिरून दुखणं वाढतं.

वाय-फायवर प्रिंटर सापडत नसेल तर राउटर बघा. एल३२५० फक्त २.४ गिगाहर्ट्झ पकडतो. राउटरवर दोन्ही बँडना एकच नाव असेल तर जोडणीपुरता ५ गिगाहर्ट्झ बंद करा. घर बदलताना प्रिंटर सरळ, आडवा न करता न्या. उलटला तर टाकीतली शाई बाहेर येते.